कडक भाकरी चालणार नाही

आमच्या इतिहासाच्या सरांच्या सहलीला कडक भाकरी चालत नसे. सोलापुरात राहून असा नियम करणारा माणूस एकतर बाहेरगावचा असणार नाहीतर अर्धवट, असं आमच्या वर्गाचं मत होतं. सर बाहेरगावचे नव्हते.

सहलीच्या सकाळी ते एसटी स्टँडवर आमच्या आधी येऊन उभे असत आणि गाडी लागायच्या आत प्रत्येकाला डबा उघडायला लावत. शेंगाचटणी, मटकी, दही, कशालाच त्यांची हरकत नव्हती. फक्त भाकरी बोटाने दाबून बघत. "ही मऊ आहे, चालेल. ही पण चालेल. ही कडक. बाजूला." बाजूला काढलेल्या सगळ्या भाकऱ्या ते स्टँडवरच्या हमालांना वाटून टाकत. ज्यांनी ही भाकरी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, ती पापडासारखी पातळ आणि खडखडीत असते, महिनाभर टिकते आणि मोडली की कट्ट असा आवाज होतो. सरांचं भांडण होतं ते त्या आवाजाशी. आम्ही हरणं बघायला चाललो होतो आणि हरणांना तो आवाज आवडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

सर कुणाला नावाने हाक मारत नसत. हजेरी झाली की नावाचं काम संपलं. नंतर तुम्ही ज्या गावचे, ते तुमचं नाव. मी माळशिरस. माझ्या बाकावरची मुलगी मोहोळ. शहरातल्या मुलांची पंचाईत होई, मग एकाला जुळे सोलापूर म्हणत आणि दुसऱ्याला नुसतंच सोलापूर. "माळशिरस, फळा पूस. मोहोळ, हसू नको." पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. पुढे घरापासून लांब, जुळे सोलापुरातल्या एका खोलीत राहताना, दिवसातून एकदा कुणीतरी आपल्याला आपल्या गावाने हाक मारतंय याचं बरं वाटायला लागलं.

त्यांचा शर्ट कायम मातकट रंगाचा. मुलं म्हणत, सरांकडे एकच शर्ट आहे. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी दोरीवरचे पाच दाखवले. एकाच ताग्यातून शिवलेले. "सहावा अंगावर आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या भावाच्या लग्नातसुद्धा हाच. हरणांना ओळखू यावेत म्हणून. बायकोला ओळखू आले नाहीत तरी चालतं की यांना."

वर्गात त्यांनी जगाचे दोन भाग पाडले होते, बघितलेलं आणि ऐकलेलं. कुणी उत्तर दिलं की ते विचारत, "हे तू बघितलेलं सांगतोस का ऐकलेलं?" पेपर तपासताना समासात 'ब' किंवा 'ऐ' लिहीत. आमचे पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'ऐ'ने भरलेले असत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लढाया कुठून बघून याव्यात, हे सरांना विचारायची सोय नव्हती. मोहोळने विचारलं होतं एकदा. सर म्हणाले, "लढाई नाही बघता येत. दगड बघता येतो. तो तरी बघा."

दगड बघायलाच ती सहल असायची. दर वर्षी एकच, थंडीतल्या एका रविवारी, आणि दर वर्षी त्याच ठिकाणी. भीमेच्या काठी, कानडी मुलूख सुरू व्हायच्या थोडं अलीकडे, दोन जुनी काळ्या दगडाची देवळं आहेत. गाव अर्ध्या कोसावर. देवळांच्या मागे गायरान आणि त्या गायरानावर हरणांचा कळप. गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

देवळाची सगळी व्यवस्था एका गुरवमामांकडे होती. मामा आमच्याशी मराठी बोलत, घरात कानडी आणि वानरांशी फक्त कानडी. शिखरावर वीस-पंचवीस वानरं बसलेली असत. एखादं प्रसादाच्या ताटाकडे उतरलं की मामा ओरडत, "होगू! होगू!" आणि ते वानर खरोखरच वर जाई. मोहोळने एकदा मराठीत "जा, जा" करून बघितलं. वानराने तिची ओढणी ओढली. मामा म्हणाले, "त्येला मराठी येत न्हाय, ताई. लई जुनी वानरं हायत ही."

सर आम्हाला पहिल्या देवळाच्या भिंतीपाशी नेत. तिथे कमरेच्या उंचीवर प्राण्यांची एक रांग कोरली आहे, हत्ती, सिंह, हरणं. सर सिंहावर हात ठेवत. "हा बघा. मान फुगलेली, तोंड कुत्र्याचं, शेपूट गाईची. या कारागिराने सिंह ऐकला होता." मग दोन पावलं पुढे जाऊन हरणापाशी उभे राहत. "आणि हे हरीण बघा. शिंगाचा पीळ मोजा. गुडघा कुठे वाकतो ते बघा. हे त्याने बघितलं होतं. इथूनच, या गायरानावरून." तेव्हा मात्र अंगावर काटा यायचा. हरणाच्या डोळ्याखाली एक आडवी खाच होती. सर म्हणत, "एवढी एकच चूक. इथे छिन्नी सुटली."

मग गायरान. तिथले नियम वेगळे. बांधावर एका ओळीत बसायचं. बोलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही, आणि मुख्य म्हणजे हरणांकडे पाठ करून बसायचं. आम्ही हसलो होतो. सर अजिबात हसले नाहीत. "डोळे लावले की त्याला वाटतं आपण शिकारी आहोत. पाठ दाखवली की ते जवळ येतं. खायला काही टाकायचं नाही. ओळख ठेवायची, लळा लावायचा नाही."

बसलो. नदीचा गार वारा पाठीवर. अर्धा तास काहीच नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग मागे वाळलेलं गवत मोडल्यासारखं झालं, थांबलं, पुन्हा झालं. कुणीतरी फुर्रकन नाकातून श्वास सोडला, इतक्या जवळ की मोहोळने माझा हात घट्ट धरला. सर डोळे मिटून बसले होते आणि बोटांनी मोजत होते, एक, दोन, तीन, पाच. वीस वर्षं ते असे येऊन बसत होते. त्यातले बरेचसे रविवार एकटेच.

परत येताना एसटीत मोहोळ म्हणाली, "सर, तुम्ही तर कायम पाठ करून बसता. म्हणजे जवळून हरीण तुम्ही कधी बघितलंच नाही. तुमचं हरीण ऐकलेलंच की." सरांनी खिडकीबाहेर बघितलं, आणि मग जे हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "मोहोळ, तुला पैकीच्या पैकी." चाचणीत खरंच दिले.

इथपर्यंत सगळं सरांबद्दल आहे. आता माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल, त्याला इलाज नाही.

त्या वर्षी माझी खोलीतली जोडीदारीण लग्न ठरून घरी गेली. खोलीत मी एकटी. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवार सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. आईला फोन केला की "बरं चाललंय" एवढंच सांगायची, कारण हट्ट करून शिकायला मीच आले होते. अशाच एका रविवारी मी स्कूटी काढली आणि त्या देवळांकडे गेले. गेले, बांधावर पाठ करून बसले. हरणं आली. माझ्यासाठी आली असं मला वाटलं. दुपारी भूक लागली म्हणून पिशवीतली कडक भाकरी काढली. एकट्या मुलीच्या खोलीत दुसरं काय असणार? मोडली. कट्ट झालं. बाकीची हरणं उधळली, एक थांबलं.

ते एक तरणं काळवीट होतं, अजून काळं न झालेलं, बदामी, एक कान फाटलेला. मी एक तुकडा मागे टाकला आणि निघून आले. पुढच्या रविवारी तुकडा टाकताना मी मान वळवली. त्याच्या पुढच्या रविवारी तोंड करून बसले. महिना-दीड महिन्यात तो माझ्या हातातून भाकरी खाऊ लागला. कट्ट आवाज झाला की येई. त्याची जीभ खरखरीत होती आणि तळहात चाटून झाल्यावर तो मीठ शोधत मनगटापर्यंत येई. मला त्या दिवसांत त्याच्याइतकं कुणी आवडत नव्हतं, हे सरळच सांगते.

आणि मग मी त्याचा व्हिडिओ काढला. स्वतःच्या मोबाईलवर स्टेटसला ठेवला, खाली गावाचं नाव लिहिलं. चोवीस तासांत जाणारं स्टेटस, त्याने काय होतंय, असा माझा हिशोब. कुणीतरी तो उतरवून घेतला आणि पुढे पाठवला. नंतरच्या रविवारी देवळापाशी सात मोटारसायकली आणि दोन गाड्या होत्या. सगळ्यांच्या हातात कडक भाकरी. मी लांबूनच परत फिरले. कुणाला काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी मोहोळने वर्ग संपल्यावर तो व्हिडिओ सरांना दाखवला. तिला वाटलं सरांना आनंद होईल. त्यात हात दिसत होता आणि हरीण. माझं तोंड नव्हतं. सरांनी मोबाईल कानाला लावला, फोन आल्यासारखा. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "कडक भाकरी आहे." मोबाईल परत दिला. "मी दोनच प्रकार धरून चाललो होतो, मोहोळ. हा तिसरा आहे. दाखवलेलं." आणि खडू पेटीत न ठेवता खिशात घालून निघून गेले.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दोरीवरचे पाच शर्ट बघितले ते तेव्हाच. काकूंनी चहा ठेवला आणि मी कपाला हात लावायच्या आत सांगून टाकलं, की तो हात माझा आहे. सर रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आज सकाळी मामांचा फोन होता. बोल त्यांच्याशी." आणि फोन लावून माझ्या हातात दिला.

मामा म्हणाले, "काय सांगू, ताई. ते फाटक्या कानाचं लई धीट झालंय बगा. देवळाच्या पायरीपत्तूर येतंय. कुणी जेवायला बसलं, भाकरी मोडली की हजर. काल तिकडं रस्त्याला गेलं, ढाब्यापाशी. कुत्र्यांनी धरलं की. मागचा पाय फाडलाय. मी काठी घिऊन धावलो म्हणून सुटलं. म्होरल्या बारीला न्हाय सुटायचं ते. पळतच न्हाय, हो. माणूस दिसला की हुबं ऱ्हातंय."

मी रडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला. सर आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग म्हणाले, "रविवारी सकाळी सातच्या गाडीला ये, माळशिरस. येताना कडक भाकरी आण. भरपूर."

रविवारी गायरानाच्या कडेला मामा वाट बघत होते. सरांनी त्यांना बेत सांगितला. वनरक्षकाशी आदल्या दिवशीच बोलून झालं होतं, त्याचीही तीच सूचना होती. हरणाला माणसाची भीती परत बसवायची. आवाजाने बोलवायचं आणि आला की हुसकायचं, तो आवाज ऐकून पळेपर्यंत.

मामांनी सरांच्या शर्टाकडे बघितलं. "दुसरा सदरा घालून यायचं की, सर. तुमाला वळखतंय ते. ह्यो सदरा बघून पळाय लागलं तर वीस वर्साचं सगळं गेलं न्हवं का? पांढरा घाला. माजा देतो. ह्येला बाजूला ठिवा."

सर म्हणाले, "मामा, अनोळखी शर्टाला तो आधीपण भीतच होता. ज्याचा विश्वास आहे त्यालाच भ्यायला पाहिजे. नाहीतर माणसातला एक चांगला, एक वाईट, हे तो कसं ओळखणार? आपल्याला नाही ओळखता येत."

ते बांधावर बसले. गायरानाकडे तोंड करून. मी शेजारी. मला म्हणाले, "मोड."

मी भाकरी मोडली. तो आला. लंगडत आला. मागच्या पायावर रक्त सुकून काळं झालं होतं. वीस पावलं, दहा पावलं. माझ्याकडे येता येता मधेच थांबला आणि सरांच्या शर्टाचा वास घेतला. सर बघत होते. मी तोवर त्यांना कधी इतका वेळ एका जागी बघताना पाहिलं नव्हतं. तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर. माझ्या मनात आलं, आता हे उठणार नाहीत. उठू नयेत, असंही आलं.

सर उठले. ढेकूळ उचललं आणि फेकलं. "होगू!" ओरडले, पण आवाज फाटला. ढेकूळ त्याच्या छातीला लागलं. तो मागे उडाला आणि तिथेच उभा राहिला. पळाला नाही. चुकून लागलं असं त्याला वाटलं असावं. सरांनी दुसरं फेकलं. मामांनी पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली. तो थोडा लांब गेला आणि पुन्हा वळून बघायला लागला.

"आता तू," सर म्हणाले.

"माझ्याकडून नाही व्हायचं, सर."

"तू दिलेली भाकरी आहे."

मी फेकलं. माझं ढेकूळ त्याच्या पायाशी फुटलं. तेव्हा तो पळाला.

असे आम्ही चार रविवार गेलो. दुसऱ्या रविवारी तो पंधरा पावलांवर आला. तिसऱ्या रविवारी कट्ट झाल्यावर कान वर करून लांबच उभा राहिला, बराच वेळ. मला वाटत होतं की त्याला हाक मारून सगळं समजावून सांगावं. चौथ्या रविवारी मी भाकरी मोडली आणि तो सबंध कळपाच्या पुढे पळत गेला, पाय बरा झालेला होता. मामा म्हणाले, "झालं, सर. जमलं." सर म्हणाले, "हं." कपडे झटकले आणि देवळाकडे चालायला लागले.

भिंतीवरच्या हरणापाशी ते थांबले. डोळ्याखालच्या त्या खाचेवर बोट ठेवलं. "माळशिरस, ही छिन्नी सुटलेली नाही. त्याच्या डोळ्याखाली अशीच खाच आहे. त्या पहिल्या रविवारी बघितली. अगदी अशीच, आडवी." मग म्हणाले, "पाच पावलांच्या आत आल्याशिवाय दिसत नाही ती. म्हणजे या कारागिराच्याही इतकं जवळ आलं होतं कुणीतरी." त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. आनंदच होता बहुतेक.

पुढच्या थंडीत सहल निघाली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. मोहोळ आणि मी मदतीला गेलो. स्टँडवर सर नेहमीसारखे आधीच उभे होते, तोच शर्ट. नव्या मुलांचे डबे उघडायला लावले आणि भाकऱ्या दाबून बघायला लागले. "ही मऊ आहे. चालणार नाही. ही पण नाही. कडक कुणी आणली?" ज्यांनी आणली नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिल्या. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्या आधीच्या वर्गाने त्यांना बरोबर उलटं सांगितलेलं होतं.

देवळाच्या भिंतीपाशी सर हरणाच्या खाचेवर बोट ठेवून म्हणाले, "मी वीस वर्षं पोरांना सांगत आलो की ही चूक आहे. चूक माझी होती. मी ऐकलेलं सांगत होतो."

मग गायरान. सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, तोंड कळपाकडे. कळप लांब होता, मधोमध तो. वर्षात पाठ काळी पडत आली होती, पण कानावरून मी ओळखला. सर म्हणाले, "सगळ्यांनी एकदम मोडा."

तीस भाकऱ्या एकदम मोडल्या. कळप उधळला. गायरान ओलांडून, नदीकडच्या बाभळींत, बघता बघता दिसेनासा झाला. सगळ्यांत पुढे तो होता. एकदाही वळला नाही.

जुळे सोलापूरच्या एका नव्या मुलीने विचारलं, "सर, एवढी का घाबरतात ती? कुणी काय केलं त्यांना?"

मोहोळने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"मी शिकवलंय," सर म्हणाले. "बसा आता. जेवून घ्या."

मुलं गोल करून बसली. सर नेहमीच्या बांधावर गेले, गायरानाकडे पाठ करून बसले आणि डबा उघडला. त्यांच्या डब्यात मऊ भाकरी होती. मागे कुणीही येणार नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन तशीच पाठ करून बसले आणि माझा डबा उघडला.